कच्च्या नमुन्याचे मोल

‘नमुना’ हा शब्द या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना सारखाच परिचयाचा आहे. मराठीत तो ‘नमुना’, कन्नडमध्ये ‘नमूने’. गंमत अशी की दोन्ही भाषांत त्याचे अर्थही दोन आहेत. धान्याचा व्यापारी मूठभर गहू तळहातावर घेऊन दाखवतो, तोही नमुना. आणि कचेरीतला छापील रकान्यांचा कागद, तोही नमुनाच. महाराष्ट्रातला सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. कर्नाटकात बगर हुकूम जमीन नियमित करून घेण्याचे अर्ज ‘नमूने ५०’, ‘नमूने ५३’, ‘नमूने ५७’ अशा क्रमांकांनीच ओळखले जातात. या दोन अर्थांचा एकमेकांशी काय संबंध असावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, दुसऱ्या अर्थाचा नमुना लोकांच्या माथी मारण्यापूर्वी पहिल्या अर्थाचा नमुना त्यांच्या हाती देऊन पाहिला पाहिजे. आणि आता छापील कागदाची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतल्यामुळे तर ही गोष्ट टाळताच येणार नाही.

पडद्यामुळे असा काय फरक पडला, असे कोणी विचारील. फरक पडला तो समासाचा. कागदाच्या अर्जाला समास असतो. रकान्यात बसत नाही ती गोष्ट माणूस कडेला लिहितो, कारकून चष्मा वर करून ती वाचतो, दोन प्रश्न विचारतो आणि काम पुढे सरकते. पडद्याला समास नसतो. लाल चांदणी लावलेला रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, आणि दिलेल्या यादीत आपले उत्तर नसेल तर खोटे उत्तर तरी द्यावे लागते किंवा अर्ज तरी सोडून द्यावा लागतो. पूर्वी अर्ज तयार करणाऱ्याच्या अज्ञानावर कारकुनाची माणुसकी पांघरूण घालीत असे. आता ते पांघरूण उरलेले नाही. म्हणून अर्ज घडवणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. आणि आपल्या संगणक विभागातून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या नेमके हेच काम करणार आहेत.

मी या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो, पण मूळचा मी सौंसरचा. नागपूर-छिंदवाडा मार्गावरचे सौंसर आणि नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे पांढुर्णा हा मध्य प्रदेशातला मराठी मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ मराठी जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यातच आमचा भाग राहिला. त्याच तारखेने इकडच्याही रेषा आखल्या गेल्या, हे येथील वाचकांना सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्या जिल्ह्यात आले. घरी मराठी, कचेरीत हिंदी, रानात संत्रा आणि कापूस, आणि शिवारात गोंड वस्त्याही, असे हे जग आहे. या जगातून पाहिले म्हणजे माझ्या विषयातली एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. तीच येथे मांडतो.

इंग्रजी पाठ्यपुस्तके जिला प्रोटोटाइप म्हणतात, ती वस्तू आपल्याला नवी नाही. शिंपी कोट पक्का शिवण्याआधी कच्चे टाके घालून अंगावर चढवून पाहतो. नाटक मंडळी पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम करतात. या दोन्ही गोष्टींत एक समान सूत्र आहे. कच्चा टाका हा ओढून काढण्यासाठीच घातलेला असतो, आणि तालमीत चुकलेले वाक्य प्रेक्षकांपर्यंत जात नाही. ज्याची मोडतोड करायला जीव हळहळत नाही तो खरा कच्चा नमुना. पक्का झाल्यावर दोष दिसला तर आपण दोष झाकू लागतो. कच्चा असताना दिसला तर दुरुस्त करतो. मनुष्यस्वभावच असा आहे, त्याला संगणकाचा अभियंता अपवाद नाही.

परदेशातले एक उदाहरण या बाबतीत पुष्कळ बोलके आहे. पाम पायलट नावाचे खिशात मावणारे संगणकयंत्र १९९६ साली बाजारात आले. ते घडवणारे जेफ हॉकिन्स यांनी यंत्र बनवण्याआधी त्या आकाराचा लाकडाचा ठोकळा करून घेतला आणि तो सदऱ्याच्या खिशात घालून ते हिंडू लागले. कोणी भेटीची वेळ ठरवू लागले की ठोकळा काढायचा, त्यावर काडी फिरवून नोंद केल्याचे सोंग करायचे आणि तो परत खिशात ठेवायचा. लोकांना तो वेडेपणा वाटला असेल. परंतु यंत्र केवढे असावे, कोणती गोष्ट पटकन हाताशी यावी, हे त्या निर्जीव ठोकळ्याने त्यांना सांगितले. एकही तार जोडली जाण्याआधी सांगितले, हे महत्त्वाचे.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. सत्तर गावांत संगणक बसवून ते साखर कारखान्याशी जोडायचे, शेतकऱ्याला गावातच माहितीचे भांडार उघडून द्यायचे, असा तो भव्य संकल्प होता. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिले तेव्हा त्या संगणकांचा उपयोग मुख्यतः दोन-चार ठरावीक कामांसाठीच होताना दिसला: उसाचे वजन किती भरले, खत किती उचलले, कारखान्याच्या हिशेबात काय नोंदले गेले. मग ‘वारणा अनवायर्ड’ नावाचा लहानसा प्रयोग झाला. संगणकाऐवजी साधा मोबाइल, आणि ठरावीक खुणेचा एसएमएस पाठवला की उत्तरादाखल तीच माहिती. हा प्रयोग सातच गावांत, आठ महिने चालवला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतात असे नमूद आहे की, संगणकावर होणारी सर्व कामे मोबाइलवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक सोयीची वाटली.

या दोन प्रयोगांतला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. पहिल्यात उत्साह अधिक, पैसा अधिक, गावे सत्तर. दुसऱ्यात गावे सात आणि साधन खिशातले. परंतु शेतकऱ्याला नेमके काय हवे, याचे ज्ञान दुसऱ्याच्या बाजूला होते. पहिला प्रकल्प वाया गेला असे मी म्हणत नाही. किंबहुना त्याच्यामुळेच दुसऱ्याला हे ज्ञान मिळाले. एवढेच म्हणतो की, सत्तर गावांत जे कळले त्यातले बरेचसे सात गावांत, आणि कदाचित सात घरांतही कळले असते.

याहून मोठे उदाहरण आपण सर्वांनी बोटाला शाई लावून अनुभवलेले आहे. मतदानाचे इलेक्ट्रॉनिक यंत्र करावे हा विचार निवडणूक आयोगाने १९७७ साली पुढे आणला. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९७९ साली त्याचा पहिला नमुना केला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी तो राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींना दाखवण्यात आला. १९ मे १९८२ रोजी केरळातील परूर विधानसभा मतदारसंघात ते यंत्र प्रत्यक्ष वापरले गेले, तेही फक्त पन्नास केंद्रांवर. पुढे काय झाले? यंत्र चालले, पण कायदा अडला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की असे यंत्र वापरण्याची तरतूद कायद्यात नाही, आणि त्या पन्नास केंद्रांवर पुन्हा मतपत्रिकेने मतदान घ्यावे लागले. नंतर संसदेने कायदा दुरुस्त केला. १९९८ साली मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्ली येथील सोळा विधानसभा मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली, आणि २००४ ची संपूर्ण लोकसभा निवडणूक यंत्रांवर झाली. पहिल्या नमुन्यापासून मोजले तर पंचवीस वर्षे.

या इतिहासातून मला असे दिसते की, नमुना केवळ यंत्रातली खोट दाखवतो असे नाही. यंत्राभोवतालच्या व्यवस्थेतली खोटही दाखवतो. कायद्यातली ती उणीव पन्नास केंद्रांवर उघडी पडली म्हणून फेरमतदान पन्नास केंद्रांवर निभावले. तीच देशभर उघडी पडली असती तर? आणि त्या यंत्राची ठेवण पाहा: उमेदवाराचे नाव, चिन्ह, शेजारी निळे बटण, लागणारा लाल दिवा आणि ऐकू येणारा आवाज. अक्षर न येणाऱ्या आजीलाही आपले मत पडले हे समजावे, अशी ती योजना आहे. या यंत्राच्या बाह्य रचनेत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा वाटा होता.

पुढे मताची छापील चिठ्ठी सात सेकंद दाखवणारे व्हीव्हीपॅट हे जोडयंत्र आले. त्याचीही चाचणी आयोगाने जुलै २०११ मध्ये घेतली ती कोठे? लेह, जैसलमेर, चेरापुंजी, तिरुवनंतपुरम आणि पूर्व दिल्ली येथे. थंडी, वाळवंट, अखंड पाऊस, समुद्रकाठचा दमटपणा आणि शहराची गर्दी! चाचणीत जे आढळले त्यावरून यंत्रात सुधारणा झाल्या, २०१२ साली पुन्हा चाचणी झाली, आणि २०१३ साली नागालँडमधील नोकसेनच्या पोटनिवडणुकीत ते प्रथम वापरले गेले. नमुना कोठे तपासावा याचा हा वस्तुपाठ आहे. जेथे तो हमखास चालेल तेथे नव्हे. जेथे तो अडण्याचा संभव अधिक तेथे.

येथेच मला माझा मुलूख आठवतो. हवामानाच्या दृष्टीने लेह आणि चेरापुंजी ही जशी टोके, तशी भाषेच्या दृष्टीने सीमेवरची गावे ही टोके होत. राजधानीत बसून अर्ज आखणारा माणूस मनात एक सरासरी नागरिक धरतो. मध्य प्रदेशातला म्हणजे हिंदी बोलणारा, महाराष्ट्रातला म्हणजे मराठी, कर्नाटकातला म्हणजे कन्नड. सीमेवरचा माणूस या हिशेबात कोठेच बसत नाही, आणि तो तक्रार करण्याइतका संख्येने मोठाही नसतो.

साधे गावाचे नाव घ्या. आम्ही लिहितो ‘पांढुर्णा’. हिंदीत ‘पांढुर्ना’ असेही लिहिले जाते. माणसाला हा फरक किरकोळ वाटतो. पण संगणकाच्या दृष्टीने अक्षर म्हणजे क्रमांक. युनिकोडमध्ये ‘ण’चा दशमान क्रमांक २३३९ आणि ‘न’चा २३४४. एक लिहून शोधले तर दुसरे सापडत नाही, जोपर्यंत कोणी मुद्दाम तशी सोय करीत नाही. ‘ळ’ची गोष्ट याहून बिकट. तो मराठीत आहे, कन्नडमध्ये आहे, परंतु शिकवल्या जाणाऱ्या हिंदी वर्णमालेत नाही. त्यामुळे ‘काळे’ हे आडनाव एका कागदावर ‘काळे’ आणि दुसऱ्यावर ‘काले’ असे चढते. ‘ल’ २३५४, ‘ळ’ २३५५: शेजारी शेजारी राहणारे दोन क्रमांक, पण त्यांच्यामध्ये एखाद्या शेतकऱ्याचे अनुदान अडकून पडू शकते. माझ्या माहितीतले एक गृहस्थ केवळ या एका अक्षरापायी दोन कागदांचा मेळ घालण्यासाठी एका कचेरीत पाच वेळा गेले. त्यांचा दोष एवढाच की त्यांचे आडनाव मराठी होते.

तीच गत जिल्ह्याच्या नावाची. जुन्या सर्व कागदांवर जिल्हा छिंदवाडा आणि नव्यांवर पांढुर्णा. २०२३ पूर्वी तयार केलेली जिल्ह्यांची यादी ज्या अ‍ॅपमध्ये तशीच राहिली असेल, तेथे त्या माणसाने काय निवडावे? आणि शब्दांचे म्हणाल तर ‘पाहणी’ हा शब्द घ्या. महाराष्ट्रात पीक पाहणी म्हणजे पिकाची तपासणी. कर्नाटकात ‘पहाणी’ म्हणजे जमिनीचा उताराच. सीमेच्या अलीकडे-पलीकडे शेत असलेल्या माणसापुढे हा शब्द पडद्यावर आला तर त्याने कोणता अर्थ घ्यावा? शब्दकोश पाहून हा प्रश्न सुटत नाही. त्या माणसापुढे पडदा धरूनच तो सुटतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी असा एक प्रयोग मुद्दाम करून पाहिला. पांढुर्ण्याजवळ एका नातलगांची संत्र्याची बाग आहे. बागेचा जमाखर्च मोबाइलवर ठेवता यावा असे अ‍ॅप कसे असावे, हे पाहायचे होते. ड्रॉइंगच्या कागदाचे मोबाइलएवढे अकरा तुकडे कापले आणि शेतीच्या अ‍ॅपमध्ये सर्वसाधारणपणे असतात तसे रकाने त्यांवर पेन्सिलीने काढले. एक संच मराठीत, एक हिंदीत. बोटाने ‘बटण’ दाबले की मी पुढचा कागद समोर ठेवायचा, एवढीच त्यातली यांत्रिक करामत.

पहिल्याच कागदावर प्रश्न होता: हंगाम निवडा, खरीप की रब्बी. काकाजी थांबले. “आता हे कायले विचारते? संत्र्याले अंबिया राहते, नाही तं मिरग.” संत्र्याच्या बागाइतदाराचे वर्ष अंबिया बहार आणि मृग बहार या दोन बहारांवर चालते, अंबियाची फळे दिवाळीच्या आगेमागे उतरतात, मृगाची उन्हाळ्याच्या तोंडाशी. खरीप-रब्बीच्या यादीत त्यांचे वर्षच नव्हते. पुढच्या कागदावर क्षेत्र हेक्टरमध्ये मागितले होते. त्यांचा सगळा हिशेब एकरात. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर हे त्यांना ठाऊक होते, पण भागाकार त्यांनी का करावा? तो तर संगणकाला अधिक चांगला येतो. त्यापुढे विक्री: किती क्विंटल, काय दर. त्यांनी तर यंदा बाग झाडावरच व्यापाऱ्याला ठोक देऊन टाकली होती. वजनाचा प्रश्नच आला नाही, आणि पैसे आले ते हप्त्यांनी.

भाषेच्या बाबतीत जे निघाले ते तर कोणत्याही कचेरीत बसून सुचले नसते. दोन संचांतून काकाजींनी मराठी संच उचलला. पण ‘गट क्रमांक’ या शब्दाशी ते अडले. त्यांच्या कागदावर असतो तो ‘खसरा’, आणि क्षेत्राला शब्द आहे ‘रकबा’. हे दोन शब्द त्यांना तसेच हवे होते. बाकी सारे मराठीत. म्हणजे पुण्याची मराठी तेथे चालत नाही आणि भोपाळची हिंदीही चालत नाही. चालते ती सीमेवरची आपली अशी तिसरी भाषा, जिचा पर्याय कोणत्याच अ‍ॅपच्या भाषांच्या यादीत नसतो. आम्ही तेथेच पेन्सिलीने तिसरा संच केला.

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना काकूंनी केली. इतका वेळ त्या दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. मजुरीचा कागद निघाला तेव्हा त्यांनी एकच विचारले, “मजुराची उचल कुठं लिहू?” मजुरांची वही त्या ठेवतात हे तेव्हा कळले. दिवस आणि मजुरी एवढे दोनच रकाने त्या कागदावर होते. आगाऊ दिलेल्या पैशांना जागा नव्हती. ज्याच्या नावावर जमीन तोच अ‍ॅप वापरणार, असे धरून चालणारा अभियंता या वहीपर्यंत कधी पोचलाच नसता. या साऱ्याला खर्च किती आला? दोन कागद, एक पेन्सिल आणि दीड तास. चहा त्यांचाच.

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप वेळेचा. विद्यार्थी म्हणतात, सर, प्रकल्प द्यायला सहा आठवडे उरलेत, यात कागद कोठून कापत बसू? त्यांना मी सांगतो की दीड तास हा सहा आठवड्यांतून काही फार नाही. आणि त्या दीड तासात तीन निरुपयोगी पाने लिहिण्याचा त्रास वाचतो. चूक कागदावर असेल तर रबराने पुसता येते. तीच संगणकाच्या आज्ञावलीत शिरली की अनेक दिवस खाते. आणि लोकांच्या हाती गेल्यावर तिची किंमत लोक भरतात, आपण भरत नाही. शेवटची गोष्ट आपल्याला दिसत नाही म्हणून ती स्वस्त वाटते.

दुसरा आक्षेप अगदी आजचा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना दोन ओळी सांगितल्या की तासाभरात चालते अ‍ॅप तयार होते. मग हा पेन्सिलीचा खटाटोप कशाला? या साधनांचे मला कौतुकच आहे, आणि पुढच्या पायरीवर त्यांचा उपयोग जरूर करावा. पण एक ध्यानात घ्यावे. ते अ‍ॅप पहिल्या क्षणापासून पक्के दिसते: रंग, चित्रे, गोलाकार बटणे. पक्की दिसणारी वस्तू पाहिली की खेड्यातला माणूस स्वतःलाच अडाणी समजतो आणि गप्प बसतो. पेन्सिलीने काढलेला वाकडातिकडा चौकोन पाहिला की तो पेन्सिल मागतो. शिवाय त्या साधनाला ‘उचल’ माहीत असण्याचे कारण नाही, जोपर्यंत आपण सांगत नाही. आणि आपल्याला काकूंनी सांगितल्याशिवाय ठाऊक होत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो मी मान्य करतो. नमुना पाहून वरिष्ठ मंडळी म्हणतात, “झाले की मग! सोमवारपासून चालू करा.” कच्चा नमुना पक्का समजून वापरात आणण्याचा मोह सर्वत्र आहे. यावर उपाय एकच: नमुना इतका कच्चा ठेवावा की तो चालू करताच येऊ नये. कागदाचे उद्घाटन कोणी करीत नाही.

पद्धतीविषयी दोन शब्द. आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणण्याची रीत नाही. “कसे वाटले?” असे विचारले तर शंभरातले नव्वद लोक “छान आहे, साहेब” म्हणतील, त्या उत्तराला काही अर्थ नाही. विचारू नये, काम द्यावे. “काल चार मजूर होते, त्यांची मजुरी लिहा,” एवढे सांगून गप्प बसावे. बोट कोठे थांबते ते पाहावे. मदत करण्याचा अनावर मोह आवरावा, कारण उद्या त्यांच्या घरी आपण नसणार. किती लोकांना दाखवावे? जेकब नीलसन या तज्ज्ञाने २००० साली लिहिले आहे की पाच जणांवर केलेल्या तपासणीतही बहुतेक अडचणी उघड होतात. मात्र ते पाच एकाच प्रकारचे वापरणारे असावे लागतात. आपल्या सीमेवर प्रकार अनेक: मराठी, कन्नड, हिंदी, गोंडी, नाव असलेला आणि वही ठेवणारी, चष्मा घरी विसरलेला आणि चष्माच नसलेला. प्रत्येकाकडे जावे लागेल. वसतिगृहातल्या पाच मित्रांना दाखवणे म्हणजे तपासणी नव्हे. ती स्वतःशीच केलेली चर्चा होय.

आपल्या महाविद्यालयापुरती माझी एक सूचना आहे, आणि ती मी विभागाच्या बैठकीतही मांडणार आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मंजुरी देताना अहवालाच्या रूपरेषेबरोबर कागदी नमुना मागावा. आणि महाविद्यालयाबाहेरच्या निदान पाच माणसांनी तो हाताळला याची नोंद असल्याशिवाय आज्ञावली लिहायला परवानगी देऊ नये. गुण द्यायचे ते नमुना किती सुबक होता यावर नव्हे, तर पाच जणांनंतर तो किती बदलला यावर द्यावेत. जो नमुना मुळीच बदलला नाही, त्याची तपासणी झालीच नाही असे समजावे.

या बाबतीत आपल्या महाविद्यालयाला एक लाभ आहे, जो मोठ्या शहरांतील संस्थांना नाही. आपल्या एकाच वर्गात घरी मराठी बोलणारे आणि घरी कन्नड बोलणारे विद्यार्थी शेजारी बसतात. मराठी विद्यार्थ्याने केलेला नमुना कन्नड मित्राच्या आईला दाखवावा, आणि कन्नड विद्यार्थ्याने केलेला मराठी मित्राच्या वडिलांना. एकमेकांच्या घरी चहा होईल, चार शब्द कळतील, आणि जे अ‍ॅप या दोन घरांत चालेल ते सौंसरच्या बाजारातही बऱ्यापैकी चालेल, अशी माझी खात्री आहे. येत्या सत्राचे प्रकल्प पुढच्या महिन्यात ठरतील. त्याआधी येणाऱ्या रविवारी कोणी कागद आणि कात्री घेऊन बाहेर पडणार असेल, तर मला जरूर कळवावे. मीही बरोबर येईन.